स्वानेतीत पायी: मेस्तिया ते उशगुली

शनिवार, तिबिलिसी

लांबच्या प्रवासात पैसे तिकिटांवर फारसे जात नाहीत, ते 'आता आलोच आहोत तर' ह्या चार शब्दांवर जातात. नोकऱ्या सोडून आम्ही दोघं बाहेर पडलो तेव्हाच नवऱ्याने एक वही केली आणि नियम घातला: खर्च दिवसाचा नाही, आठवड्याचा मोजायचा. शहरात असताना बाजारातून भाजी आणून खोलीवर स्वयंपाक करायचा आणि वाचलेले पैसे डोंगरात घालवायचे. वही त्याच्याकडे, वाद घालायचं काम माझ्याकडे. आर्मेनिया ह्या पद्धतीने पार पडला, आता जॉर्जिया, आणि त्यातही स्वानेती ह्या डोंगराळ भागात मेस्तिया गावापासून उशगुलीपर्यंत पायी. आमच्याकडे चालू शेंगेन व्हिसा होता, त्यावर इथे प्रवेश मिळतो.

खोलीच्या मालकीणबाईंना भारत म्हणताच राज कपूर नाही, गोवा आठवला. कारण राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासच्या हुकमावरून १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून तिला ठार मारलं. धर्म बदलायला ती तयार नव्हती. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला नेला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चच्या आवारात पुरातत्त्व खात्याला त्या सापडल्या, हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेत त्यांची डीएनए तपासणी झाली आणि जुलै २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाला दिल्या. ते पडके अवशेष मी दोनदा पाहिलेत आणि दोन्ही वेळा फक्त मनोऱ्याचे फोटो काढलेत. बाईंनी मात्र आमच्या हातावर पीच ठेवले, जणू अस्थी आम्हीच सांभाळून आणल्या होत्या.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या देझेर्टर बाजारात चुर्चखेला घेतल्या. दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या आटवलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात, दिसतं मेणबत्तीसारखं. डोंगरात चालताना खायला ह्याहून चांगलं काही मला अजून कुठे मिळालेलं नाही. बाजारात मागून अस्सल नागपुरी मराठी ऐकू आली. इथे एमबीबीएसला असलेली दोन मुलं कोथिंबिरीचा भाव करत होती. "काकू, ट्रेकला चाललात? तुम्ही?" ह्यातल्या शेवटच्या शब्दाबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

रविवार रात्र ते सोमवार: रेल्वे, मग मार्शरूत्का

मेस्तियाला एकोणीस आसनांचं छोटं विमान जातं, पण त्याची तिकिटं आधीच संपतात आणि हवा बिघडली की उड्डाण रद्द होतं. आम्ही रात्रीच्या गाडीने झुग्दिदीला गेलो. रात्रीची गाडी म्हणजे एका मुक्कामाचं भाडं वाचतं, हे वहीवाल्याचं आवडतं गणित. झोप लागत नाही ती त्या गणितात कुठे धरायची, हे मात्र तो सांगत नाही.

झुग्दिदी स्टेशनबाहेर मार्शरूत्का उभ्याच असतात. मार्शरूत्का म्हणजे आपली वडाप. भरली की सुटते, वेळापत्रक नावापुरतं. रस्ता एंगुरी नदीच्या काठाकाठाने चढतो आणि थोड्याच वेळात एंगुरी धरण दिसतं. कमानीच्या आकाराची काँक्रीटची भिंत, उंची २७१.५ मीटर. आपल्या कोयनेची १०३ मीटर आहे, त्यावरून अंदाज करावा. सोव्हिएत काळात बांधलेल्या ह्या प्रकल्पाची आजची गंमत अशी की धरण जॉर्जियाच्या हातात आहे आणि वीजघर फुटून निघालेल्या अबखाझियाच्या हद्दीत. एकमेकांशी बोलणं नाही, पण वीज वाटून घ्यावीच लागते.

चालक वाटेतल्या प्रत्येक चर्चपाशी स्टिअरिंगवरचा हात काढून तीन वेळा क्रूस करत होता. वळणावर चर्च आलं की गाडीतले आम्हीही देवाचं नाव घेत होतो.

मंगळवार, मेस्तिया

मेस्तियाची उंची साधारण १५०० मीटर. चढण्याआधी एक दिवस इथे थांबायचं मी ठरवलं होतं, आणि त्याचं कारण उंची नसून संग्रहालय होतं.

स्वान लोकांचे मनोरे फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात. वीस-पंचवीस मीटर उंच, वर निमुळते होत गेलेले, दगडी, एकेका घराला एकेक. बहुतेक ९ व्या ते १२ व्या शतकातले. शत्रू आला की वर चढून शिडी ओढून घ्यायची. शत्रू म्हणजे परका राजाच असेल असं नाही, बहुतेक वेळा शेजारचं घर. खुनाचा बदला खुनाने घेण्याची रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. मनोऱ्याला लागून असलेल्या जुन्या घराला माचुबी म्हणतात. एकच मोठी खोली, मधे चूल, भिंतीकडेने कोरीव लाकडी कप्पे. खालच्या कप्प्यात गुरं आणि त्यांच्या वर माणसं झोपायची, गुरांची ऊब वाया जाऊ नये म्हणून. असं एक घर बघायला खुलं आहे. आत उभं राहिल्यावर इथला हिवाळा किती लांब असेल ते कुणी सांगावं लागत नाही.

आणि संग्रहालय. सपाटीवर मंगोल आले, इराणी आले, की तिथल्या चर्चमधल्या मौल्यवान वस्तू सांभाळायला वर स्वानेतीत पाठवायचे. ज्या लोकांना खालचे लोक लुटारू म्हणायचे, त्यांच्याकडेच! त्यामुळे एवढ्याशा गावात सोन्या-चांदीच्या पत्र्यांनी मढवलेल्या मूर्तिचित्रांची दालनंच्या दालनं आहेत. अदिशीचं शुभवर्तमानाचं हस्तलिखित, इसवी सन ८९७ चं, तेही इथलंच. परवा त्याच अदिशीत आमचा मुक्काम असणार होता.

मिखाईल खेर्गियानी ह्या गिर्यारोहकाचं घरही आहे. इथेच जन्मलेला, कातळावर चढण्यात अख्ख्या सोव्हिएत संघात ज्याचं नाव होतं असा माणूस १९६९ मध्ये इटलीच्या डोलोमाइट्समध्ये पडून गेला.

लुटारूंचा विषय निघालाच आहे तर: १९९० च्या दशकात हा भाग खरोखरच धोक्याचा होता. परदेशी पाहुण्यांना बंदूक दाखवून लुटायचे. २००४ मध्ये सरकारने जोरदार कारवाई केली, २०१० मध्ये विमानतळ झाला आणि बंदुकांच्या जागी 'खोल्या मिळतील' अशा पाट्या आल्या.

रोख रक्कम इथूनच काढून घ्यायची, पुढे गावोगावी कार्डाच्या भरवशावर राहू नये. तेव्हा एक लारी म्हणजे साधारण एकतीस रुपये होते. हे गणित पुढचे दिवस आमच्या डोक्यात अखंड चालू होतं.

बुधवार, मेस्तिया ते झाबेशी

सुमारे सोळा किलोमीटर. गावाबाहेर पडताच चढ. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चढाचं काही वाटत नाही, पण पाठीवर सहा महिन्यांचा संसार असला की वाटतं. धारेवर पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर उश्बाची दोन्ही शिखरं, त्यातलं उंच ४७१० मीटर, आणि समोर मुलाखीच्या खोऱ्यापलीकडे तेत्नुल्दीचा पांढरा त्रिकोण. मग दिवसभर गवताच्या कापणीतून उतार. खोऱ्यात पुरुष विळ्याने नाही, लांब दांड्याच्या कोयत्याने उभ्याउभ्या गवत कापत होते. ऑगस्टमध्ये सगळी स्वानेती हेच करते, कारण हिवाळ्यात गुरांना दुसरं काही नाही.

तंबूचा मुद्दा इथे सांगते. ह्या वाटेवर तंबू लावायला कुणी अडवत नाही, आणि वाटेत भेटलेली युरोपातली तरुण मुलं तसंच करत होती. सगळ्यात स्वस्त तेच. आम्ही घरांत राहिलो. माणशी ऐंशी लारी, त्यात खोली, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी. आपल्याकडे गडाच्या पायथ्याला कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी सांगून ठेवतो, तोच हा मामला, फक्त वर गादी आणि गरम पाणी. वहीवाल्याने पहिल्या दिवशी नाक मुरडलं. जेवणाचं टेबल बघितल्यावर वही पिशवीत गेली.

टेबलावर होतं ते असं: चीज भरलेली खाचापुरी, अक्रोडाचं वाटण लावून गुंडाळलेली वांगी, लोबियो म्हणजे राजम्याची घट्ट उसळ, काकडी-टोमॅटो, बटाट्यात चीज घोटून केलेली ताश्मिजाबी (चमचा उचलला की तार निघते) आणि कुब्दारी. कुब्दारी मांस भरलेली असते. मी खात नाही, ह्याने माझ्या वाटणीचीही खाल्ली. सगळ्यावर स्वानी मीठ: लसूण, धने, मेथी, मिरची मिठात कुटलेली. आपल्या लसणाच्या चटणीची ही बहीण शोभेल.

घरची आजी मात्र आमच्यातलं बाकी काही खात नव्हती. तिच्यापुढे नुसती उसळ आणि पाव. बुधवार होता, आणि बुधवार-शुक्रवार इथे उपास असतो: मांस नाही, दूध-चीज नाही. आमचा श्रावण चालू होता. तिने माझ्या ताटाकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, मांस का नाही? मी हात जोडून वर पाहिलं. तिला पटलं. त्या मुक्कामात माझ्या पुढ्यात उसळीचं दुसरं भांडं आलं ते ह्याच्यामुळे.

गुरुवार, झाबेशी ते अदिशी

अंतर कमी, दहा-अकरा किलोमीटर, पण पहिला टप्पा जंगलातून सरळ अंगावर येणारा. वर आलं की तेत्नुल्दीचं स्कीइंगचं मैदान, म्हणजे उन्हाळ्यात खरवडलेली माती आणि लोखंडी खांब. एवढा कुरूप तुकडा अख्ख्या वाटेवर दुसरा नाही. तो भराभर पार केला.

पुढे गवत डोक्याच्या वर. त्यात छत्रीएवढ्या पांढऱ्या फुलांचे तुरे असलेली, जाड देठांची झाडं उभी असतात. सुंदर दिसतात, हात लावू नये. त्यांचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. बाह्या आणि पँट खाली ठेवून चालायचं, कितीही उकडलं तरी.

अदिशी २००० मीटरच्या वर आहे. अर्धे मनोरे उभे, अर्धी घरं पडलेली. १९८७ च्या हिवाळ्यात स्वानेतीत प्रचंड हिमस्खलनं झाली, माणसं गेली, आणि त्यानंतर कितीतरी कुटुंबांना खाली सपाटीवर नेऊन वसवलं. अदिशी जवळजवळ ओस पडलं होतं. आता जी घरं दुरुस्त होताहेत ती पाहुण्यांसाठी. आमच्या यजमानीणबाई हिवाळ्यात खाली मुलाकडे असतात आणि जूनमध्ये वर येतात. सात पाहुणे, दोन गाई, एक चूल, आणि हाताशी एक पुतणी. पहाटे साडेपाचला मी बाहेर आले तेव्हा त्यांची धार काढून झाली होती, पीठ मळून झालं होतं, आणि त्या आमच्यासाठी पाणी तापवत होत्या. रात्री अकराला भांडी घासतानाही त्यांनाच पाहिलं होतं.

ह्याने आदल्या संध्याकाळी "दोघांचे दीडशे चालतील का" असं विचारलं होतं. धार बघून आल्यावर मी त्याला एवढंच म्हटलं, "अरे, त्या बाईंकडे घासाघीस करू नकोस." तो म्हणाला, "विचारायला काय जातं?" मी म्हटलं, "त्यांची झोप जाते." एकशे साठ दिले. स्वस्त प्रवासाच्या नावाखाली काय काय स्वस्त करून मागतो, ह्यावर आमचा वाद त्या दिवशी खिंडीपर्यंत पुरला.

शुक्रवार, अदिशी ते इप्राली

सगळ्यात लांब दिवस, एकोणीसेक किलोमीटर, आणि मधे नदी. अदिशचाला. पूल नाही. हिमनदीचं पाणी असल्यामुळे तिचं वागणं घड्याळावर चालतं: रात्रभर थंडीत वरचा बर्फ वितळत नाही, म्हणून सकाळी पाणी कमी. दुपारी उन्हाने बर्फ सुटला की तीच नदी फोफावते. म्हणून सहालाच निघालो.

दोन तास खोऱ्यातून चाललो. मागून घोडेस्वार टापा वाजवत पुढे निघून गेले. गावातलेच पुरुष. काठावर पोचलो तेव्हा ते घोडे बांधून सिगारेट ओढत बसले होते. पलीकडे नेण्याचे माणशी तीस लारी. नदीची रुंदी असेल वीस-पंचवीस पावलं.

"म्हणजे पावलाला चाळीस रुपये," हा म्हणाला.

पाणी राखाडी, तळ दिसत नाही. आतून दगड गडगडत जाण्याचा आवाज येतो, आणि मला त्या आवाजाचीच भीती वाटली. दोन तरुण मुलांनी बूट गळ्यात बांधून, काठ्या रोवत, एकमेकांचे दंड धरून नदी ओलांडली. पाणी मांडीपर्यंत. पलीकडे पोचल्यावर त्यातला एक पायावर हात चोळत कितीतरी वेळ उकिडवा बसून राहिला. ह्याने ते सगळं नीट पाहिलं, उजव्या गुडघ्याकडे पाहिलं (त्या गुडघ्याची कहाणी राजगडापासूनची आहे), माझ्याकडे पाहिलं. मी बोलले नाही. बोलले असते तर तो पाण्यात उतरला असता.

साठ लारी दिले. घोडेवाल्याच्या मागे खोगिराला धरून बसायचं, पाय वर घ्यायचे आणि घोड्यावर विश्वास ठेवायचा. घोडा मधोमध एकदा थबकला, पुढचा पाय चाचपून ठेवला, आणि सरळ गेला. सगळं मिळून एखादं मिनिट. घोडेवाल्याने उतरताना माझी पाठपिशवी सवयीने एका हाताने धरली. आपण नदीकाठी नुसतं बसून काय पैसे कमावतात असं म्हणतो, पण हाच घोडा दुपारी ओंडके ओढतो आणि हिवाळाभर त्याला गवत घालावं लागतं, तेच गवत जे लोक परवापासून कापताना दिसत होते.

नदीनंतर चखुंदेरी खिंडीची चढण, साधारण चारशे मीटर. खिंड २७०० मीटरच्या आसपास. ह्या चढणीबद्दल तक्रार करता येत नाही, कारण डावीकडे सबंध वेळ अदिशीची हिमनदी असते. वरच्या पठारावरून बर्फ थेट खाली सुटलेला, त्याचे तुटके, निळसर पायऱ्यांसारखे थर, आणि मधूनच तोफ उडाल्यासारखा आवाज. आवाज झाला की आपण बघतो, तोवर जे पडायचं ते पडून गेलेलं असतं आणि नुसती भुकटी उडताना दिसते. आम्ही तासभर तिथे बसून चुर्चखेला खाल्ल्या. त्या तासातला अर्धा भाग बघण्यात गेला आणि अर्धा 'ही घासाघीस आणि घोडा वेगळे विषय आहेत' ह्यावर.

उतरून खाल्दे. आता दोन-चार घरं. १८७६ मध्ये करवसुलीला विरोध करून उठलेलं हे गाव झारच्या फौजेने तोफा आणून जमीनदोस्त केलं होतं. तिथून इप्रालीपर्यंत गाडीरस्ता, कंटाळवाणा आणि पायांना जड. जवळच्या डोंगरावर लागुर्काचं छोटं चर्च आहे, तिथे दर वर्षी २८ जुलैला क्वीरिकोबाची जत्रा भरते. आम्ही उशिरा आलो होतो. जत्रा गेली, चर्चला कुलूप.

शनिवार, इप्राली ते उशगुली

बारा किलोमीटरच्या आत. वाटेवर विशेष काही नाही. दावबेरीनंतर वाट झाडीतून जाते, माशा चावतात, मग एका वळणावर एकदम उशगुली. चार वाड्यांचं गाव, उंची २१०० मीटर, आणि मागे श्खारा, ५१९३ मीटर, जॉर्जियाचं सर्वोच्च शिखर. तिच्या डोक्यावरून रशियाची सीमा जाते. चाझाशी ही वाडी आणि तिचे मनोरे १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

आणि चौकात वीस डेलिका. ही जपानी चारचाकी गाडी स्वानेतीची बैलगाडी झाली आहे. मेस्तियाहून सकाळी येणारे पाहुणे दुपारी परत जातात. पायी आलेल्यांना हा गोंगाट नको वाटतो, मलाही वाटला. पण रस्ता झाला म्हणून आजारी माणूस हिवाळ्यात दवाखान्यात पोचतो, आमच्या नाराजीला तिथे फारशी किंमत नाही.

रविवार, श्खाराची हिमनदी

पाठीवर ओझं नाही, नदीच्या काठाने सपाट आठ किलोमीटर. ही तीच एंगुरी, जिच्यावरचं धरण येताना पाहिलं. इथे ती उगमाशी आहे. हिमनदीच्या तोंडाशी दगड सुटत असतात, म्हणून लांबूनच पाहिलं. परतताना टेकाडावरच्या लामारियाच्या चर्चमध्ये गेलो. छोटं, अंधारं, भिंतींवर झिजलेली चित्रं. बाया डोक्याला रुमाल बांधून आत जात होत्या, मी ओढणी घेतली.

संध्याकाळी यजमानांनी चाचा ओतली. द्राक्षाच्या चोथ्याची दारू, पाण्यासारखी दिसते. एकेक पेला म्हणजे एकेक भाषण: देवासाठी, गेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी. ह्याने सह्याद्रीसाठी पेला उचलला. पाण्याची बाटली समजून मी एक घोट घेतला तो चहाबरोबर जिरवावा लागला.

सोमवार, परत मेस्तिया

डेलिका भरली की निघणार होती. भरायला दीड तास लागला: आम्ही, एक पोलिश कुटुंब, दोन पोती बटाटे आणि चीजचा एक डबा, ज्याला खिडकीची जागा मिळाली. बटाट्यांचं भाडं आमच्यापेक्षा कमी होतं, ते मी विचारून घेतलं.

वाटेत ह्याने आठवड्याचा हिशोब मांडला. घरांचं राहणं-खाणं हाच सगळ्यात मोठा आकडा, प्रवासभाडं त्याच्या निम्म्याहून कमी, घोडा साठ. 'घोडा' ह्या ओळीपुढे त्याने कंसात 'गुडघा' असं लिहिलं आणि ती रक्कम औषधपाण्याच्या रकान्यात टाकली. मी काही हरकत घेतली नाही.

आता कुताइसीमार्गे बातुमी. तिथून सार्पीची हद्द जवळ, आणि पलीकडे तुर्कस्तानातले काच्कार डोंगर. शेंगेन व्हिसा असला की भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, तो कुताइसीच्या खोलीत बसून काढायचा आहे. बूट मात्र त्याआधी बदलायला हवेत, माझ्या डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला आहे. आणि बातुमीत वांगी स्वस्त असतील तर भरीत.